व्यावसायिक कुस्तीतील जगज्जेत्याची निवड : आयोजकांचे अर्थकारण आणि विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रात जत्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या कुस्त्यांच्या मैदानात जोडी लावण्याचे काम मैदान भरविणारी मंडळी करीत असतात. कोणत्या पैलवानाची गाठ कोणाशी घालावयाची, कोणत्या कुस्तीला किती इनाम ठेवावयाचे आणि अखेरची मोठी कुस्ती कोणाची असावी, हे सारे त्यांच्या हाती असते. मात्र एकदा पैलवानांनी हात मिळविले की त्यांचा अधिकार संपतो. निकाल मातीत लागतो. तो आधीच ठरला असल्याची नुसती शंका आली तरी प्रेक्षक अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणवितात.

अमेरिकेत विकसित झालेल्या व्यावसायिक कुस्तीत जोडही आयोजक ठरवितो आणि निकालही तोच ठरवितो. दूरचित्रवाणीमुळे ही कुस्ती भारतातील घराघरांत पोहोचली आहे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये तिचा मोठा प्रेक्षकवर्ग आहे. सुशिक्षितांचा तिच्याविषयीचा विचार मात्र बहुधा ‘ते सगळे खोटे असते’ या एका वाक्यापाशी थांबतो. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात या कुस्तीला खेळ न मानता देखावा मानून तिचे विवेचन केले. तथापि तिला देखावा मानल्यानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो. निकाल ठरविण्याची संपूर्ण सत्ता ज्याच्या हाती आहे, तो आयोजक अनेक पैलवानांतून एकालाच जगज्जेता कशाच्या आधारे करतो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. जगज्जेतेपद ही पैलवानाला मिळणारी बक्षिसी आहे, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ती आयोजकाने त्याच्याकडे विश्वासाने सोपविलेली ठेव असते. ही ठेव घेऊन पैलवान दुसऱ्या आयोजकाकडे जाऊ शकतो की नाही, यावर निवडीचे निकष कसे बदलत गेले, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

निवडीचे तीन निकष

आयोजकाचे उत्पन्न प्रेक्षकांवर अवलंबून असते. त्यामुळे पहिला निकष म्हणजे गर्दी खेचण्याची क्षमता. जगज्जेत्याचे नाव जाहिरातीत असले की तिकिटे खपली पाहिजेत. ही क्षमता शरीरयष्टी, वक्तृत्व, विशिष्ट समाजगटाशी असलेले नाते किंवा अन्य क्षेत्रात आधीच मिळालेली कीर्ती यांतून येऊ शकते. कुस्तीतील प्रावीण्य हे तिचे एक कारण असू शकते, एकमेव कारण नव्हे.

दुसरा निकष म्हणजे पद राखण्याची क्षमता. निकाल ठरलेला असला तरी आखाड्यात दोन जिवंत माणसे असतात. त्यांपैकी एकाने ठरलेला करार मोडून खरोखरच कुस्ती करावयाचे ठरविले, तर हजारो प्रेक्षकांसमोर आयोजकाला ती थांबविता येत नाही. कारण ‘निकाल वेगळा ठरला होता’ असे सांगणे म्हणजे संपूर्ण व्यवसायाचे गुपित फोडणे होय.

तिसरा निकष म्हणजे विश्वासार्हता. योग्य वेळी, योग्य ठिकाणी, आयोजक सांगेल त्या प्रतिस्पर्ध्याकडून हरण्याची तयारी जगज्जेत्याजवळ असावी लागते. व्यावसायिक कुस्तीत जिंकण्यापेक्षा हरण्याची तयारी अधिक मोलाची ठरते, ती यामुळे.

हे तीनही गुण एकाच व्यक्तीत क्वचितच आढळतात. गर्दी खेचणारा पैलवान खऱ्या कुस्तीत कच्चा असू शकतो आणि खऱ्या कुस्तीत पक्का असलेला पैलवान प्रेक्षकांना नीरस वाटू शकतो. ज्याच्याकडे दोन्ही गुण आहेत, त्याला आपल्या मोलाची जाणीव असल्याने तो हरावयास तयार नसतो. अर्थशास्त्रात मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्या हितसंबंधांतील तफावतीचा जो प्रश्न अभ्यासला जातो, त्याचेच हे एक ठळक रूप होय. येथे आणखी एक अडचण होती. निकाल आधी ठरविल्याचा करार लेखी करणे आणि त्याच्या भंगाबद्दल न्यायालयात जाणे, व्यवसायाची गुप्तता पाळावयाची असल्यास दीर्घकाळ शक्य नव्हते.

१९२५ चा धडा

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण १९२५ मधील आहे. त्या काळी पैलवान एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांच्या गटाचा अमेरिकेतील कुस्तीच्या व्यवसायावर मोठा प्रभाव होता. लुईस हा खऱ्या कुस्तीतही अत्यंत बलवान होता. परंतु तोच सतत जिंकत राहिल्याने प्रेक्षकांची उत्सुकता मंदावण्याचा धोका होता. म्हणून या गटाने नेब्रास्का विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू वेन मन्न याला पुढे आणले. धिप्पाड देह आणि फुटबॉलमधील नाव ही त्याची भांडवले होती. कुस्तीचे ज्ञान मात्र तोकडे होते. ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटी येथे लुईसने ठरल्याप्रमाणे त्याच्याकडून पराभव पत्करला.

मन्नला खऱ्या कुस्तीपासून जपण्याची जबाबदारी आता या गटावर आली. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फिया येथे त्याची कुस्ती पोलंडच्या स्तानिस्लाव झिबिस्को याच्याशी लावण्यात आली. चाळिशी ओलांडलेला झिबिस्को हरावयाचा होता. परंतु त्याने जो स्टेचर या प्रतिस्पर्धी पैलवानाच्या गटाशी आधीच संधान बांधले होते. प्रत्यक्ष आखाड्यात त्याने खरी कुस्ती केली आणि मन्नला पुन्हा पुन्हा पाठीवर पाडले. पंचांना निकाल देण्यावाचून पर्याय उरला नाही. ३० मे १९२५ रोजी झिबिस्कोने सेंट लुईस येथे स्टेचरकडून पराभव पत्करला आणि जगज्जेतेपद प्रतिस्पर्धी गटाकडे गेले. ते लुईसकडे परत येण्यास फेब्रुवारी १९२८ उजाडावे लागले.

भारतीय कुस्तीच्या अभ्यासकांना झिबिस्कोचे नाव अपरिचित नाही. १९१० मध्ये लंडन येथे गामा पैलवानासमोर अडीच तासांहून अधिक काळ बचावात्मक पवित्रा घेऊन कुस्ती बरोबरीत सोडविणारा आणि पुढील आठवड्याच्या फेरलढतीला न आलेला तोच हा झिबिस्को. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला मिनिटभराच्या आत चितपट केले. म्हणजे फिलाडेल्फियात अमेरिकेच्या जगज्जेत्याला सहज लोळविणारा पैलवान तीन वर्षांनी खऱ्या कुस्तीच्या मैदानात गामासमोर क्षणभरही टिकला नाही. ‘जगज्जेता’ या एकाच शब्दाचे दोन परंपरांतील अर्थ किती भिन्न होते, हे यावरून लक्षात येते.

१९२५ च्या प्रसंगातून सर्वांनी धडा घेतला असे मात्र झाले नाही. १९३५ मध्ये डॅनो ओ'माहोनी या आयरिश तरुणाला जगज्जेता करण्यात आले. बॉस्टनमधील मोठ्या आयरिश समाजामुळे त्याच्या कुस्त्यांना गर्दी लोटत असे. पण खऱ्या कुस्तीत तो दुबळा होता. २ मार्च १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डिक शिकाट या जर्मन पैलवानाने करार मोडून त्याला हरविले. यानंतरचा वाद ओहायो राज्यातील कोलंबस येथील न्यायालयात गेला आणि साक्षींमधून व्यवसायाची आतली व्यवस्था जाहीर झाली. केवळ गर्दीच्या निकषावर जगज्जेता निवडल्यास त्याची किंमत काय मोजावी लागते, हे अकरा वर्षांत दुसऱ्यांदा सिद्ध झाले.

आयोजकांचा संघ आणि फिरता जगज्जेता

जुलै १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे काही प्रादेशिक आयोजकांनी एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स हा संघ स्थापन केला. पुढे त्याची सदस्यसंख्या तीसहून अधिक झाली. प्रत्येक सदस्याचा प्रदेश ठरलेला होता, इतरांनी त्यात शिरावयाचे नव्हते आणि सर्वांचा मिळून एकच जगज्जेता असावयाचा होता. सेंट लुईसचे आयोजक सॅम मुश्निक यांनी १९५० पासून या संघाचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले.

संघाचा पहिला जगज्जेता ऑर्व्हिल ब्राऊन नोव्हेंबर १९४९ मध्ये मोटार अपघातात जखमी झाला आणि पद लू थेझ याच्याकडे आले. थेझची निवड वरील तीन निकषांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तो देखणा, संयत आणि रुबाबदार होता. पकडींच्या खऱ्या कुस्तीत त्याला फसवून हरविणे कोणालाही सोपे नव्हते. पदाचा मान राखण्याची शिस्तही त्याच्याजवळ होती. एका अर्थाने १९२५ च्या भीतीवरचा तो उतारा होता.

या व्यवस्थेत जगज्जेत्याची निवड एका मालकाची राहिली नाही. ती संघातील प्रमुख सदस्यांच्या मतांवर होऊ लागली. पदाच्या सुरक्षिततेसाठी जगज्जेत्याकडून अनामत रक्कम घेण्याची पद्धतही होती. कायदेशीर कराराची उणीव अशा रीतीने अंशतः भरून काढली गेली. हरण्याची वेळ आल्यावर पैलवानाने पाठ फिरविली, तर त्याची रक्कम बुडणार होती.

जगज्जेत्याच्या स्वभावचित्रावरही या रचनेचा परिणाम झाला. संघाचा जगज्जेता गावोगाव फिरत असे. प्रत्येक प्रदेशात तेथील लाडका पैलवान त्याला आव्हान देई. स्थानिक पैलवानाची प्रतिष्ठा वाढवून, पण पद न गमावता, जगज्जेत्याने पुढच्या गावी जावे, अशी अपेक्षा असे. म्हणून साठ मिनिटे चालणाऱ्या बरोबरीच्या कुस्त्या किंवा लबाडीने मिळविलेले निसटते विजय हे त्याचे मुख्य काम झाले. त्यासाठी कोणत्याही दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यासह तासभर उत्तम कुस्ती करून दाखविणारा कसबी पैलवान लागे. डोरी फंक ज्युनियर, १९६५ चा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता जॅक ब्रिस्को, हार्ली रेस आणि रिक फ्लेअर हे या पदावर आले, त्यामागे ही गरज होती.

संघातही राजकारण होतेच. ३० जून १९६१ रोजी शिकागो येथे बडी रॉजर्स जगज्जेता झाला, तेव्हा ३८,००० हून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. परंतु त्याच्या तारखांवर ईशान्येकडील आयोजकांचे नियंत्रण असल्याने इतर प्रदेशांना त्याच्या लढती पुरेशा मिळेनात. जगज्जेता कोणाच्या वाट्याला किती दिवस येतो, हा त्यांच्यासाठी रोजीरोटीचा प्रश्न होता. अखेर २४ जानेवारी १९६३ रोजी टोरंटो येथे संघाने पुन्हा थेझलाच पुढे करून रॉजर्सकडून पद काढून घेतले. रॉजर्सने वेळेवर करार मोडू नये, यासाठी थेझसारखा पैलवान समोर असणे हीच सर्वांत मोठी हमी होती.

न्यूयॉर्कचे वेगळे प्रतिमान

ईशान्येकडील आयोजक व्हिन्सेंट मॅकमहॉन सीनियर आणि टूट्स माँट यांनी हा निर्णय मान्य केला नाही. त्यांनी १९६३ मध्ये वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन ही वेगळी संस्था उभारली. १७ मे १९६३ रोजी ब्रुनो सॅमार्टिनो याने रॉजर्सला ४८ सेकंदांत हरविले आणि तो १८ जानेवारी १९७१ पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ, जगज्जेता राहिला.

येथे रचना उलटी होती. जगज्जेता गावोगाव फिरून हुलकावणी देणारा नव्हता; तो न्यूयॉर्क आणि परिसरातील प्रेक्षकांचा स्वतःचा माणूस होता. इटलीतील पित्सोफेरातो या गावी जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धातील हालअपेष्टा सोसून अमेरिकेत आलेला सॅमार्टिनो तेथील इटालियन स्थलांतरितांना आपला वाटे. बाहेरून खलप्रवृत्तीचे आव्हानवीर आणावेत, त्यांची दहशत वाढवावी आणि अखेर घरच्या नायकाने त्यांना लोळवावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याच्यानंतर काही काळातच पोर्तो रिकोचा पेद्रो मोरालेस जगज्जेता झाला, त्यामागे न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन समाजाची मोठी संख्या होती.

दोन लोकप्रिय नायक एकमेकांसमोर उभे राहिल्यास प्रेक्षकांत फूट पडते. म्हणून एका नायकाकडून दुसऱ्याकडे पद नेण्यासाठी मध्ये अल्पकाळचा खलनायक जगज्जेता ठेवला जाई. इव्हान कोलॉफ १९७१ मध्ये २१ दिवस, स्टॅन स्टाझियाक १९७३ मध्ये ९ दिवस आणि आयर्न शेख १९८३-८४ मध्ये २८ दिवस जगज्जेते होते. त्यांच्या निवडीत गर्दी खेचण्याच्या क्षमतेपेक्षा विश्वासार्हतेला महत्त्व होते. पद स्वीकारून थोड्याच दिवसांत ते बिनबोभाट परत करणारा माणूस हवा असे.

पूर्वनियोजन कधी कधी बाजारपेठेच्या कौलाच्याही विरोधात जाई. १९७७ मध्ये जगज्जेता झालेला ‘सुपरस्टार’ बिली ग्रॅहॅम खलनायक असूनही अत्यंत लोकप्रिय होता. तरी २० फेब्रुवारी १९७८ रोजी ते पद महाविद्यालयीन कुस्तीतून आलेल्या बॉब बॅकलंडकडे देण्याचा आधीचा बेत आयोजकाने बदलला नाही.

आयोजकच जगज्जेता

विश्वासाचा प्रश्न मुळातूनच टाळण्याचा एक मार्ग म्हणजे आयोजकाने स्वतःच जगज्जेता होणे. मिनेसोटातील व्हर्न गान्या हे महाविद्यालयीन कुस्तीचे राष्ट्रीय विजेते होते. १९६० मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकन रेसलिंग असोसिएशन सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत ते स्वतः अनेकदा जगज्जेते झाले. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले, तेही जगज्जेते असतानाच. जपानमध्ये १९७२ साली अँटोनियो इनोकी आणि जायंट बाबा यांनी आपापल्या संस्था काढल्या आणि दोघेही आपापल्या संस्थेचे प्रमुख विजेते राहिले.

या मार्गात पद चोरीला जाण्याची भीती उरत नाही. मात्र स्वतःच्या आवडीनिवडीला आवर घालणारेही कोणी उरत नाही. गान्या यांना शास्त्रोक्त कुस्तीची जाण असलेला पैलवान श्रेष्ठ वाटे. १९८२ मध्ये ‘रॉकी ३’ या चित्रपटामुळे प्रसिद्धीस आलेला हल्क होगन त्यांच्या संस्थेत सर्वाधिक लोकप्रिय झाला होता. एप्रिल १९८३ मध्ये सेंट पॉल येथे त्याने निक बॉकविंकलला हरविल्याचे दाखविले गेले आणि लगेच निर्णय फिरविण्यात आला. काही महिन्यांतच होगन न्यूयॉर्कच्या संस्थेत गेला. २३ जानेवारी १९८४ रोजी तेथे तो जगज्जेता झाला. १९९१ मध्ये गान्या यांची संस्था बंद पडली. तिच्या अस्तास अनेक कारणे होती, परंतु निवडीचा निकष काळाप्रमाणे न बदलणे हे त्यांतील एक प्रमुख कारण मानावे लागते.

पट्टा, करार आणि स्पर्धा

वडिलांकडून व्यवसाय विकत घेतलेल्या व्हिन्स मॅकमहॉन ज्युनियर यांना संपूर्ण देशाची बाजारपेठ हवी होती. एखाद्या शहरातील इटालियन किंवा पोर्तो रिकन समाजाचा नायक त्यासाठी पुरेसा नव्हता. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर क्षणात ओळखू येणारा, मुलांना आवडणारा आणि खेळण्यांवर, कपड्यांवर छापता येणारा चेहरा हवा होता. होगन त्या गरजेत चपखल बसला. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यातील विधिमंडळासमोर संस्थेच्या वतीने ही कुस्ती म्हणजे मनोरंजन असल्याचे मान्य करण्यात आले. क्रीडा आयोगाच्या नियमनातून सुटका मिळविणे हा त्यामागील हेतू होता. गुपित उरले नाही, त्यामुळे लेखी करारही उघडपणे करता येऊ लागले आणि खऱ्या कुस्तीतील ताकदीचे संरक्षक मूल्य कमी झाले.

तथापि ठेव पळविली जाण्याची भीती संपली नाही. तिचे रूप बदलले. १९९१ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग या संस्थेने रिक फ्लेअरला काढून टाकले. त्याने भरलेली २५,००० डॉलरची अनामत परत न मिळाल्याने त्याने पट्टा परत केला नाही आणि तो घेऊन तो मॅकमहॉन यांच्या कार्यक्रमात अवतरला. विश्वासाची हमी म्हणून घेतलेली अनामतच अशा रीतीने आयोजकावर उलटली. डिसेंबर १९९५ मध्ये मॅकमहॉन यांच्या संस्थेची महिला विजेती प्रतिस्पर्धी संस्थेत गेली आणि तिने दूरचित्रवाणीवर त्यांचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

या पार्श्वभूमीवर ९ नोव्हेंबर १९९७ चा माँट्रियल येथील प्रसंग समजून घेता येतो. जगज्जेता ब्रेट हार्ट प्रतिस्पर्धी संस्थेत जाण्याचे निश्चित झाले होते. स्वदेशात, म्हणजे कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरण्यास त्याने नकार दिला होता आणि करारान्वये अखेरच्या काळात आपल्या कथानकाबाबत त्याला काही अधिकारही होता. मॅकमहॉन यांनी त्याला अंधारात ठेवून, त्याने हार मानली नसताना, कुस्ती संपल्याची घंटा वाजविण्यास भाग पाडले. १९२५ मध्ये पैलवानाने आयोजकाला फसविले होते. १९९७ मध्ये आयोजकाने पैलवानाला फसविले. दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच वस्तुस्थिती होती : पद धारण करणाऱ्याला जाण्यासाठी दुसरे दार उघडे होते.

या दुसऱ्या दारामुळेच पैलवानांची सौदाशक्तीही वाढली. प्रतिस्पर्धी संस्थेत गेल्यावर होगनने आपल्या कुस्त्यांच्या कथानकाबाबत नियंत्रणाचा अधिकार करारात मिळविला होता. जगज्जेत्याची निवड येथे आयोजक आणि पैलवान यांच्यातील वाटाघाटीचा विषय बनली.

एकाधिकार आणि प्रेक्षकांचा नकाराधिकार

मार्च २००१ मध्ये मॅकमहॉन यांनी प्रतिस्पर्धी संस्थाच विकत घेतली. यानंतर अमेरिकेत त्यांच्या तोडीची स्पर्धक संस्था दीर्घकाळ उरली नाही. पट्टा घेऊन जाण्यास मोठी जागाच नसल्याने विश्वासार्हतेचा निकष जवळजवळ निष्प्रभ झाला. पद देणे आणि काढून घेणे सोपे झाले. जगज्जेता हा व्यवसायाचा आधारस्तंभ न राहता बाजारपेठेनुसार बदलता येणारा घटक ठरू लागला.

भारताशी संबंधित दोन निवडी याच काळातील आहेत. हिमाचल प्रदेशातील दलीप सिंग राणा, अर्थात ‘द ग्रेट खली’, जुलै २००७ मध्ये तेथील दोन प्रमुख पदांपैकी एकाचा मानकरी झाला आणि सप्टेंबर २००७ मध्ये ते पद गेले. पंजाबी वंशाचा कॅनेडियन पैलवान जिंदर महाल याने मे २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरविले. त्याआधी तो बहुतेक वेळा हरणाऱ्यांच्या रांगेत होता. भारतीय बाजारपेठेचा विचार या निवडीमागे होता, असे व्यापक मत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मँचेस्टर येथे त्याचे पद गेले आणि डिसेंबरमध्ये नवी दिल्लीत झालेल्या कार्यक्रमात तो जगज्जेता म्हणून उतरू शकला नाही. तेथे तो ट्रिपल एचकडून हरला. सॅमार्टिनोला आपला मानणारा समाज दर महिन्याला तिकीट काढून गार्डनमध्ये येत असे. समाजाचे प्रतिनिधित्व आणि समाजाचा नकाशावर शोध घेणे यांतील अंतर या तुलनेतून स्पष्ट होते.

स्पर्धक नसताना आयोजकावर एकच अंकुश उरतो, तो म्हणजे प्रेक्षकांचा. एप्रिल २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे डॅनियल ब्रायनला जगज्जेता करावे लागले, ते अनेक महिने प्रेक्षागृहांतून उठलेल्या आग्रहामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडी ऱ्होड्सऐवजी ड्वेन जॉन्सन अर्थात ‘द रॉक’ याची मुख्य लढत घडविण्याचा बेत दिसू लागताच प्रेक्षकांनी तीव्र नापसंती दर्शविली. जॉन्सन त्या वेळी मूळ कंपनीच्या संचालक मंडळावर होता, तरीही बेत बदलावा लागला. ७ एप्रिल २०२४ रोजी ऱ्होड्सने रोमन रेन्स याची ऑगस्ट २०२० पासूनची कारकीर्द संपविली. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या ऑल एलिट रेसलिंगमुळे पैलवानांना पुन्हा एक दुसरे दार उपलब्ध झाले आहे. ऱ्होड्स स्वतः त्या संस्थेच्या स्थापनेत सहभागी होता आणि २०२२ मध्ये तो जुन्या संस्थेत परतला होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट म्हणजे, निकाल ठरविण्याची सत्ता हाती असूनही आयोजकाची निवड कधीच पूर्णतः स्वैर नव्हती. १९२५ मध्ये तिला खऱ्या कुस्तीचे भय होते, १९६३ मध्ये सहकारी आयोजकांचे दडपण होते, १९९७ मध्ये स्पर्धकाची धास्ती होती आणि २०२४ मध्ये प्रेक्षकांच्या नापसंतीची जाणीव होती.

दुसरी गोष्ट म्हणजे, निवडीचे निकष व्यवसायाच्या रचनेतून घडतात. फिरता जगज्जेता हवा असतो तेव्हा कसबी खलनायक निवडला जातो. घरचा जगज्जेता हवा असतो तेव्हा समाजाचा नायक निवडला जातो. दूरचित्रवाणीची बाजारपेठ हवी असते तेव्हा ओळखीचा चेहरा निवडला जातो. त्यामुळे ‘सर्वांत चांगला पैलवान जगज्जेता का होत नाही’ हा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या रचनेसाठी चांगला, हे आधी विचारावे लागते.

तिसरी आणि अधिक गंभीर गोष्ट श्रमाशी निगडित आहे. जगज्जेतेपदाचे मूल्य पैलवानाच्या देहातून निर्माण होते. एप्रिल १९७६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कुस्तीत सॅमार्टिनोच्या मानेचे हाड मोडले आणि दोन महिन्यांनी तो शी स्टेडियममध्ये पुन्हा उतरला, कारण तिकिटे त्याच्या नावावर विकली जात होती. निकाल ठरलेला असतो. मोडलेले हाड ठरलेले नसते. असे असूनही कायद्याच्या भाषेत अमेरिकेतील हे पैलवान कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात आणि त्यांची प्रभावी संघटना उभी राहू शकलेली नाही. अशा स्थितीत आयोजकाशी बरोबरीने बोलण्याचे बळ त्यांना केवळ दुसऱ्या आयोजकाच्या अस्तित्वातून मिळत आले. स्पर्धा होती तेव्हा जगज्जेत्याचा वचक होता. ती संपली तेव्हा पट्टा त्याच्या कमरेला राहिला, पण सत्ता राहिली नाही.

‘ते सगळे खोटे असते’ असे म्हणून या विषयाची बोळवण करणाऱ्यांच्या नजरेतून ही बाजू निसटते. व्यावसायिक कुस्तीतील विजय ठरवून दिलेला असतो, हे खरे आहे. परंतु तो कोणाला द्यावयाचा, हे ठरविताना चालणारी मालक, श्रमिक आणि ग्राहक यांच्यातील झटापट पूर्णपणे खरी असते आणि तिचा निकाल कोणालाही आधी ठरविता येत नाही.